शेडवरची कोल्हीण

मागच्या एप्रिलमध्ये मी कपडे वाळत घालायला मागच्या बागेत गेले, तेव्हा अवजारांच्या शेडच्या छपरावर एक कोल्हीण ऊन खात पडली होती. आमच्यात फार तर दहा हातांचे अंतर असेल. तिने मान उचलली, एक कान माझ्या दिशेने वळवला आणि पुन्हा नाक शेपटीत खुपसून डोळे मिटले. तिच्या पोटावरचे केस विरळ झाले होते आणि सड ओघळलेले दिसत होते. पिले जवळच कोठेतरी असणार होती.

आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहतो. त्या वेळी माझी आई पुरंदरहून आली होती. माळावरची खोकड तिने लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे तिने लगेच सांगितले, "ही आपली खोकड नव्हे. तिच्या शेपटीचं टोक काळं असतं, हिचं पांढरं आहे." आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो खरे तर वेगळा प्राणी, आणि लंडनचा हा तांबडा प्राणी खोकडाचा जवळचा नातलग; पण बोलताना तोंडात कोल्हाच येतो, म्हणून मीही तेच नाव वापरते.

1930 च्या सुमारास ब्रिटनमध्ये शहरांभोवती मोठ्या बागांची जोडघरे उभी राहिली आणि कोल्हे शहरात वसू लागले. शेडखालची कोरडी जागा, गांडुळे, उंदीर, पडलेली फळे, कचऱ्यातील उष्टे, सारे एकाच ठिकाणी मिळते. 2011 मध्ये तर लंडनमध्येच बांधकाम चालू असलेल्या शार्ड या उत्तुंग इमारतीच्या 72 व्या मजल्यावर एक कोल्हा सापडला. कामगारांनी टाकलेल्या अन्नावर तो तेथे जगत होता.

तरीही असा प्राणी माणसाळलेला नसतो, त्याची भीड चेपलेली असते, आणि या दोहोंत मला फार मोठा फरक वाटतो. सैबेरियात 1959 पासून बेल्यायेव आणि ल्युदमिला त्रुट या शास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या सर्वांत सौम्य कोल्हेच निवडून वाढवले, तेव्हा कोठे माणूस दिसताच शेपूट हलवणारी पिले जन्माला आली. शेडवरच्या कोल्हिणीने फक्त एवढेच ताडले होते की कपडे वाळत घालणारी बाई तिला काही करत नाही.

आईला हे पटवणे कठीण गेले. "अगं, लेकुरवाळी आहे ती. दुधात कुस्करलेली अर्धी पोळी ठेवली तर काय बिघडेल?" ती रोज विचारायची. मागच्या गल्लीतील एक गृहस्थ एका कोल्ह्याला हाताने कोंबडीचे तुकडे भरवत असत. तोच कोल्हा पुढे उघड्या दारातून दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात शिरला. घरात तान्हे मूल होते, त्यांनी घाबरून पिंजरा लावणाऱ्यास बोलावले. असा पकडलेला कोल्हा सहसा रानात सोडला जात नाही, त्याला मारतात. हे ऐकल्यावर आई बराच वेळ गप्प बसली, आणि मग तिने पोळीऐवजी मातीच्या परळात पाणी भरून कुंपणाजवळ ठेवले.

मे महिन्यात पिले बाहेर आली. ती चार होती. संध्याकाळी आम्ही दिवा न लावता खिडकीशी बसायचो. एके दिवशी माझ्या मुलाचा कॅनव्हासचा बूट त्यांच्या हाती लागला. एक पिलू नाडी दातांत धरून मागे मागे सरकत होते, दुसरे बुटावर चढून बसले होते, आणि कोल्हीण परळातले पाणी लपालपा पिऊन झाल्यावरही मान न वळवता सरळ आमच्या खिडकीकडे पाहत होती. आईने नकळत हात जोडले.

ऑगस्टनंतर पिले पांगली. जानेवारीत रात्री तिची ती काळीज चिरणारी किंकाळी ऐकू आली, जोडीदाराला घातलेली साद. आई गावाहून फोनवर अजूनही आधी तिचीच चौकशी करते. काल सकाळी हिरवळीवर हिव पडले होते आणि त्यावर एकापुढे एक, सुतात ओवल्यासारखे पंजांचे ठसे परळापर्यंत गेले होते. परळातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. मी तो फोडला, ताजे पाणी ओतले आणि ठशांचा फोटो आईला पाठवला.