तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइलच्या नेटवर घर चालतं का?

माझं काम लोकांचे जीएसटी आणि इन्कम टॅक्सचे रिटर्न भरण्याचं. चिपळूणला घराच्याच पुढच्या खोलीत ऑफिस आहे. नेटशिवाय माझं पान हलत नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कागद देऊन झाले की उठता उठता प्रश्न येतोच: "ताई, वायफाय घेऊ का हो, की मोबाइलवरच भागेल?" विचारणारे कधी मुंबईहून निवृत्त होऊन गावी आलेले असतात, कधी त्यांचा मुलगा पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करणार असतो, कुणी गुहागरच्या बाजूला होमस्टे काढलेला असतो. उभ्या उभ्या अर्धंच उत्तर दिलं जातं, म्हणून आज बसून लिहिते आहे.

मोबाइलचं नेट एका माणसाला पुरतं. घराला पुरत नाही. माझं उत्तर एवढंच आहे, पण त्यात घर म्हणजे काय हे आधी बघावं लागतं.

एका माणसाबद्दल फार बोलायला नको. देशात मोबाइलवरून ब्रॉडबँड वापरणारी कनेक्शनं ९० कोटींच्या वर आहेत, आणि तारेवरची सारी मिळून चार-साडेचार कोटींच्या आसपास. म्हणजे बहुतेकांचं भागतंच आहे. सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या, म्हणजे त्याचा किमान वेग, ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली; बऱ्यापैकी रेंज असलेलं कुठलंही ४जी त्यात सहज बसतं. यूपीआय, बँक, व्हॉट्सॲप, रेल्वेचं तिकीट, सातबारा, लाइट बिल यांना नेट लागतं ते चिमूटभर. पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरानं वायफायच्या भानगडीत पडूच नये.

मात्र लोक मला विचारतात ते वेगाबद्दल, आणि तिथे गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. फोन पुढे करतात: "फाइव्ह-जी आहे, हे बघा, तीनशे येतो." आकडा खरा असतो, पण घेतलेला असतो भर दुपारी, अंगणात उभं राहून. टॉवरच्या एका बाजूची जी काय क्षमता असेल ती त्या दिशेच्या सगळ्या फोनांत वाटली जाते. दुपारी लोक शेतात, दुकानात, शाळेत. रात्री साडेनऊला सगळे घरी, आणि प्रत्येकाच्या हातात व्हिडिओ. फोनवर टॉवर फुल्ल दिसतो तो फक्त सिग्नलचा जोर. त्या टॉवरवर गर्दी किती आहे हे त्यात दिसत नाही. कोकणात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी उतरले की वाडीतली माणसं दुप्पट-तिप्पट होतात आणि टॉवर असतो तोच. आरतीचा व्हिडिओ दुबईच्या काकांना पाठवायला माणूस गच्चीवर, मग पाणंदीच्या टोकाला, असा फिरत राहतो. म्हणून वेग मोजायचाच असेल तर रात्री नऊनंतर, घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत बसून मोजा. (आणि वेग मोजणारं ॲप स्वतःच डेटा खातं. चांगल्या ५जीवर दोन-तीनदा मोजलंत तर अर्धा-एक जीबी त्यातच गेला.)

आतली खोली म्हणते त्याला कारण आहे. जांभ्याच्या जाड भिंती, वर पत्रा, अशा घरात ५जी सगळ्यात आधी दगा देतं. सध्या आपल्याकडे बरंचसं ५जी ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतं, आणि लहरी जितक्या वरच्या पट्ट्यातल्या तितक्या त्या भिंतीत जास्त अडतात. ७०० मेगाहर्ट्झ आतपर्यंत पोचतो, पण त्यावर वेग कमी. आता यातला पैशांचा भाग बघा. 'अनलिमिटेड ५जी' हे फोन ५जीवर असेपर्यंतच अनलिमिटेड. माजघरात गेल्यावर तो गुपचूप ४जीवर उतरतो आणि तिथे रिचार्जमधल्या रोजच्या दोन जीबीतून कापायला लागतो. "अनलिमिटेड होतं, तरी डेटा संपला असा मेसेज कसा आला?" असं ज्यांनी ज्यांनी मला विचारलंय, त्या बहुतेकांच्या घरात हेच घडत होतं.

दोन जीबी संपल्यावर वेग सहसा ६४ केबीपीएसवर येतो. हिशेब करा: एक एमबीला दोन मिनिटं, तीन एमबीच्या फोटोला सहा मिनिटांहून जास्त. उलट बाजूनं, एचडी सिनेमा तासाला तीन जीबीपर्यंत खाऊ शकतो. म्हणजे दोन जीबी एका माणसाला दिवसभर सुखानं पुरतात, पण तेच हॉटस्पॉटवरून टीव्हीला जोडले तर मध्यंतरही गाठत नाहीत. घर मोबाइलवर चालेनासं होतं ते टीव्हीमुळे. लॅपटॉप उगाच बदनाम आहे. मी जीएसटीच्या २० तारखेच्या तोंडावर दिवसभर रिटर्न भरते, तेव्हाही माझ्या कामाला जातं त्याहून जास्त नेट आमच्याकडे संध्याकाळी टीव्हीवरच्या क्रिकेटला जातं.

हॉटस्पॉटची आणखी एक अडचण कुणी धरतच नाही: तो कुणाच्या तरी खिशात असतो. वडील बाजारात गेले की घराचं नेटही बाजारात जातं. शिवाय फोन तापतो, बॅटरी बसते. मोबाइलवरच राहायचं ठरलं असेल तर सिम टाकायचा राउटर घ्या आणि टॉवरच्या दिशेच्या खिडकीत ठेवा. रेंजही सुधारते, नेटही घरातच राहतं.

होमस्टेवाल्यांचा प्रश्न निराळा. त्यांना कॅमेरे लावून मुंबईत बसून बघायचं असतं. कॅमेरा नेट घेत नाही, पाठवतो, आणि मोबाइलच्या टॉवरवर बराचसा वाटा खाली येणाऱ्या डेटाला दिलेला असतो, वर जाणाऱ्याला थोडा. एक कॅमेरा सतत १ एमबीपीएसनं क्लाउडवर चढवत बसला तर दिवसाला जवळजवळ ११ जीबी होतात. असे चार कॅमेरे कुठल्या रिचार्जवर चालवणार? हालचाल दिसली तरच रेकॉर्ड करणारा कॅमेरा घेऊन मेमरी कार्ड त्यातच टाकलं तर सिमवरही जमू शकतं. पण पाहुणा आला की चावीच्या आधी वायफायचा पासवर्ड मागतो, तेव्हा तिथे तार घ्यावीच लागते.

घरून नोकरी करणाऱ्यांना वेग फारसा लागत नाही. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरे. त्यांना लागतं ते सलग, धक्के न खाणारं नेट. मोबाइलवर वेग क्षणाक्षणाला वरखाली होतो. सिनेमा पुढचा भाग साठवून ठेवतो म्हणून ते कळत नाही, मीटिंगमध्ये मात्र लगेच आवाज तुटतो.

पैशांचं म्हणाल तर जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दोन जीबीचं २८ दिवसांचं रिचार्ज साडेतीनशे-चारशेच्या घरात गेलं. महिना २८ दिवसांचा असल्यामुळे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. चार माणसांचे धरा. त्यासमोर ३० एमबीपीएसचं फायबर, म्हणजे घरापर्यंत तारेनं येणारं कनेक्शन, ३९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७१ रुपयांच्या आसपास मिळतं आणि महिन्याची मर्यादा ३३०० जीबी, जी साध्या घराकडून संपत नाही. फायबर घेतल्यावर घरातल्यांची रिचार्जं खाली आणा, नाहीतर दोन्हीकडे पैसे भरत बसाल. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशामुळे फक्त कॉल आणि एसएमएसची रिचार्जं मिळू लागली आहेत, ८४ दिवसांची साडेचारशेच्या आगेमागे. घराबाहेर नेट न वापरणाऱ्या आजीला तेवढं बास.

फायबर म्हणजे सुटलो असं समजू नका. आमच्याकडे ते खांबांवरून लोंबत येतं. फणसाची फांदी पडते, वानरं लोंबकळतात, हायवेच्या कामावरचा जेसीबी केबल उपटतो. मग राउटरच्या डब्यावर लाल दिवा लागतो आणि जोड मारणारा येईपर्यंत बसून राहायचं. लाइट गेल्यावर मात्र चित्र उलटं होतं. एक्स्चेंजपासून घरापर्यंतच्या वाटेवर फायबरला बहुधा वीज लागत नाही. तिकडे बॅटरी आणि इकडे तुमचा इन्व्हर्टर चालू असला तर नेट चालतं. राउटरपुरता छोटा यूपीएसही मिळतो. टॉवरची बॅटरी काही तासांची, पुढे डिझेलवर अवलंबून. २२ जुलै २०२१ च्या पुरासारखं काही आलं तर दोन्ही नाहीत, ते सोडून द्या. एरवी म्हणून मी फायबर ठेवलंय, आणि फोनमध्ये दुसऱ्याच कंपनीचं सिम. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी लाल दिवा लागला तर हॉटस्पॉटवर काम उरकतं. तेवढ्यापुरता मोबाइल एकदम झकास.

मधला एक पर्याय २०२३ पासून आहे: छतावर अँटेना लावून टॉवरचं ५जी घरात आणणारं एअरफायबर. अँटेना बाहेर असल्यामुळे भिंतीची अडचण सुटते, टॉवरवरच्या गर्दीची पूर्ण सुटत नाही. जिथे केबल येतच नाही तिथे जरूर घ्या. जिथे येते तिथे माझं मत केबललाच.

तर निवृत्त जोडप्यानं, टीव्ही अजून डिशवर असेल तर, मोबाइलवर खुशाल राहावं. सुट्टीत नातवंडं येतील तेव्हा डेटाचं वरचं रिचार्ज मारावं. वर्षातून दोनदा उघडणाऱ्या गावच्या घराला बारा महिने वायफायचं बिल भरण्यात अर्थ नाही. बाकीच्यांनी फायबर घ्यावं, पण कंपनीच्या जाहिरातीतला वेग बघून नको. आधी शेजारच्या दोन घरांत जाऊन विचारा: लाल दिवा लागला तर कोण येतं, फोन उचलतो का, आणि पावसाळ्यात किती दिवसांनी येतो? ज्या कंपनीच्या माणसाचं नाव शेजारी पटकन सांगतील, तिचं कनेक्शन घ्या, मग वेग थोडा कमी असला तरी चालेल.