तुम्ही विचारलंत म्हणून: संशोधन सांभाळून डोंगरात कशाला?

"एवढं संशोधनाचं काम असताना लोकांना घेऊन डोंगर कशाला चढता?" असं मला बरेच जण विचारतात.

मी उष्णतेनं होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास करते. एकीकडे तापमानाच्या नोंदी, दुसरीकडे मृत्यूच्या, आणि त्यांची सांगड. मृत्यूच्या दाखल्यावर उष्णतेचं नाव क्वचितच असतं. हृदय, मूत्रपिंड असंच काही लिहिलेलं असतं. म्हणून नेहमीपेक्षा किती माणसं जास्त गेली, ते मोजावं लागतं. २००३च्या उन्हाळ्यात युरोपात ७०,०००हून अधिक माणसं दगावली, हा अंदाज अशाच हिशेबातून आला. पण हिशेब जुळतो तोवर माणूस गेलेला असतो. डोंगरात तो माझ्यापुढे चालत असतो.

एकदा चढावर एक धडधाकट तरुण मागे पडला. बाटलीचं झाकण तो उलटंच फिरवत होता, आणखी आवळत होता. "बरं वाटतंय ना?" तर चिडून म्हणाला, "मला काही झालेलं नाही!" मी विचारलं, "आपण निघालो किती वाजता?" तो नुसता बघत राहिला. त्याला सावलीत आडवं केलं, सगळ्यांच्या बाटल्या त्याच्या अंगावर रिकाम्या केल्या, टोप्यांनी वारा घातला, मदतीसाठी फोन लावला. उष्माघातात आधी अंग गार करायचं, हलवायचं नंतर. हळूहळू तो भानावर आला.

त्याआधी मीच सूचना लिहायचे, 'त्रास वाटल्यास थांबा.' पण डोकं तापलं की त्रास होतोय हे कळणंच आधी बंद होतं! आता मी लिहिते, 'जोडीदाराकडे लक्ष ठेवा.' हा बदल त्या झाकणानं घडवला.

हवा १ अंशानं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. दमट हवेत घाम निथळतो, पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही. म्हणून ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर माझ्या सॅकमध्ये असतोच; पाणी वाळून किती गारवा मिळू शकतो ते तो दाखवतो, म्हणून त्याचा आकडा साध्या तापमानापेक्षा सहसा कमी असतो. त्यावर ३५ अंश ही माणसाच्या सहनशक्तीची हद्द, असं आम्ही धरून होतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, दमट हवेत, निरोगी तरुणांची शरीरंही ३१च्या आसपासच हरू लागली. चढावर तर त्याच्याही आधी.

मी रांगेत शेवटी चालते, तिथून सगळ्यांची पावलं दिसतात. आणि दर थांब्यावर प्रत्येकाला जोडीदाराला विचारायला लावते, "आपण निघालो किती वाजता?"