हेडसेटमध्ये पास, प्लेटवर स्लॅग

काही दिवसांपूर्वी वडोदऱ्यात, मकरपुरा जीआयडीसीजवळच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकणाऱ्या दोघांनी जोडलेले ६ मिमी प्लेटचे दोन टी-जॉइंट (एका प्लेटवर दुसरी उभी) हातोड्याने तोडून पाहिले. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. एक जॉइंट आठवडाभर व्हीआर हेडसेटवर सराव केलेल्या मुलाचा, दुसरा तेवढाच वेळ वेल्डिंगचे व्हिडिओ पाहिलेल्या मुलीचा. दोघांना सारखंच काम: ३.१५ मिमीचा ई ६०१३ प्रकारचा वेल्डिंग रॉड, ११० अँपिअर, आडवा फिलेट, म्हणजे दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरलेला जोड.

मुलाचा बीड, म्हणजे वेल्डची पट्टी, वरून सुरेख, खवले एकसारखे. तोडल्यावर मात्र मुळाशी बोटभर काळी रेघ निघाली. स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाचा वितळून गोठलेला मळ, आत अडकलेला. हेडसेटमध्ये त्याचा कोन, आर्कचं (रॉड आणि प्लेटमधल्या ठिणगीचं) अंतर, वेग, सगळ्यांचे काटे हिरव्यात असायचे. पण तिथला होल्डर, म्हणजे रॉड धरायची मूठ, हलका. इथे केबल मागे लोंबते आणि मनगट ओढते. होल्डर चालीच्या दिशेने १०-१५ अंश कललेला हवा, तो हळूहळू उभा झाला. मग स्लॅग आर्कच्या पुढे धावतो आणि कोपऱ्यात धातूच्या आधी जाऊन बसतो. हे त्याला दिसलं नाही, कारण त्याची नजर आठवडाभर काट्यावर होती, वितळलेल्या धातूवर नव्हती.

मुलीला ते दिसत होतं. गडद काचेतून घेतलेल्या व्हिडिओत चकचकीत धातू कुठला आणि त्यामागून येणारा मळकट स्लॅग कुठला, हे तिने पुन्हा पुन्हा थांबवून पाहिलं होतं. तिचं मूळ स्वच्छ निघालं. पण ३५० मिमीचा रॉड जळत आखूड होतो तसा हात खाली न्यावा लागतो, आणि हे पाहून येत नाही. निम्म्या रॉडनंतर आर्क ३ मिमीचा ६ झाला, सगळीकडे स्पॅटर, म्हणजे उडालेले धातूचे थेंब, आणि उभ्या प्लेटला नखाला लागेल असा अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेला पडलेली खाच.

तरीही हेडसेटच्या मार्कांवर मुलांना पुढे पाठवायचा आग्रह वरून होतोच. एक फिलेट तोडून बघायला पाच मिनिटं लागतात, तेवढी कुणी देत नाही, याचा मला राग येतो.

पुढच्या बॅचला आधी व्हिडिओ, मग हेडसेट, असा क्रम लावलाय. हेडसेटच्या होल्डरला खऱ्या केबलचा दोन मीटर तुकडा बांधलाय. केबल खांद्यावरून घ्यायची सवयही तिथेच लावणार आहे. हलक्या होल्डरला सरावलेलं त्या मुलाचं मनगट किती प्लेटांनंतर सुधारतं, ते रोज एक जॉइंट तोडून बघतोय. काल चौथा तोडला, रेघ अजून आहे, पण आखूड झालीय.