केतूचा गेलेडे : मुखवटा डोक्यावर, नजर पायांवर

नायजेरियात लागोसमध्ये राहायचं आणि गेलेडे, म्हणजे इथल्या योरुबा लोकांचा मुखवट्यांचा नाच, बघायचा नाही म्हणजे काय, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर निघाले केतूला. केतू शेजारच्या बेनिन देशात, मधे बॉर्डर, आणि त्या बॉर्डरबद्दल मी काही लिहीत नाही, ज्यांनी ती ओलांडलीये त्यांना माहितीये. योरुबांचं जुनं राज्य आहे हे, फ्रेंच-इंग्रजांनी रेघ मारली आणि केतू पलीकडे गेलं.

आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा तोंडावर बांधतात. इथे तो डोक्यावर तिरका बसवतात आणि नाचणारा खाली सोडलेल्या पातळ कापडातून बघतो. लाकडी चेहरा एकदम शांत, आणि त्याच्या वर मात्र काय वाट्टेल ते, पक्षी, साप, शिलाई मशीन, अगदी मोटरसायकलसुद्धा! इदाहिन गावच्या फागबिते असामूने तर हलणारे भाग असलेले मुखवटे कोरलेत.

नाचणारे सगळे पुरुष, पण बरेचसे बायकांच्या रूपात. लाकडी छाती, कमरेभोवती भरपूर कापड गुंडाळलेलं, आणि ते कापड गावातल्या बायकांकडूनच मागून आणलेलं, त्यात बाळ पाठीशी बांधायचे पट्टेपण असतात. बघताना टिंगल वाटू शकते, पण पुढेच बसलेल्या म्हाताऱ्या मस्त मान डोलावत होत्या. कारण हे सगळं त्यांच्यासाठीच आहे ना, आयांसाठी. त्या खूश असल्या तर पीकपाणी, मुलंबाळं सगळं नीट, बिनसलं तर वाट लागली. रात्री त्या पक्षी होऊन फिरतात म्हणे, मुखवट्यावरचे पक्षी त्याचेच.

नाचाच्या आदल्या रात्री बाजारात एफे असतो, म्हणजे गेलेडेचाच गाण्यांचा भाग. आधी आयांना नमन, मग गाण्यातून गावातल्या लबाडांची, उधळ्यांची चारचौघांत काढलेली खरडपट्टी. शब्द मला फारसे कळले नाहीत, पण कोणाकडे बघून लोक हसतायत ते बरोबर कळत होतं. युनेस्कोने 2001 मध्ये गेलेडेची दखल घेतली ती मुख्यतः या मौखिक परंपरेसाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाच. आधी पोरं, मग हळूहळू मोठे, शेवटी पट्टीचे. पायात लोखंडी वाळे, ढोल जे बोल काढेल तेच पायांनी वाजवायचे आणि ढोलाबरोबरच थांबायचं, जरा मागेपुढे झालं की लोक ओरडतात. खरं सांगते, थोड्या वेळाने मी मुखवट्यांकडे बघतच नव्हते.

आता नायजेरियातल्या एकितीचा एपा बघायचाय, तोही योरुबांचा मुखवट्यांचाच नाच. तिथले मुखवटे 20 किलोच्या पुढे जातात आणि ते डोक्यावर घेऊन उंचवट्यावर उडी मारायची असते. कोणी येणार असेल तर सांगा, गाडीचा खर्च वाटून घेऊ.