चाचणी नेमकी कोणाची?
आज दिवसभर 'एको' या (दिलेले शब्द छापणाऱ्या) कमांडच्या चाचण्या पास होत राहिल्या. चालत होता मात्र बॅश या शेलचा (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचा) स्वतःचा, आतच असलेला म्हणजे बिल्ट-इन एको; बिल्ड केलेली जीएनयू एकोची बायनरी (चालवायची फाइल) नाहीच! खूण सोपी: जीएनयूचा एको 'डॅश-डॅश-व्हर्जन' दिल्यावर आवृत्ती सांगतो, बॅशचा तेच शब्द परत छापतो. बॅशमध्ये 'व्हिच'वर विसंबू नका, ते फक्त पाथमधली (कमांड शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीतली) फाइल दाखवतं. 'टाइप डॅश ए' खरं सांगतं, बिल्ट-इनही दाखवतं. आधी 'कमांड' हा शब्द लावल्याने त्याच नावाचं शेलमध्ये लिहिलेलं फंक्शन टळतं, बिल्ट-इन नाही. एकतर बायनरी फाइलचा पूर्ण पत्ता द्या, नाहीतर आधी 'एन्व्ह' ही कमांड लावा. त्याला शेलचे बिल्ट-इन ठाऊकच नसतात, ते पाथमध्ये शोधतं. म्हणून बिल्ड डिरेक्टरी पाथमध्ये सर्वांत आधी हवी, नाहीतर सिस्टिमची प्रत चालते. टेस्ट, प्रिंटएफ, किल या कमांडचंही हेच. टाइम तर बॅशमध्ये कीवर्डच (शेलच्या भाषेतला राखीव शब्द). तिथे आधी बॅकस्लॅश पुरतो.