तुम्ही विचारलंत म्हणून: खोडात जंतू आहेत, मग झाड आजारी आहे का?

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे मे महिना आला की आमच्या सोसायटीत हा प्रश्न हमखास माझ्यापर्यंत येतो. यंदा सेक्रेटरीकाकांनी मला गेटजवळच्या पर्जन्यवृक्षाखाली थांबवलं. "मॅडम, खोडातनं पाणी गळतंय, वासही येतोय. आत जंतू झालेत म्हणतात. पाऊस लागायच्या आत पाडलेलं बरं ना?"

जवळ जाऊन बघितलं. दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यातून काळपट ओघळ खाली आला होता. कडेला वाळून पांढरट पापुद्रा धरला होता आणि त्यावर माश्या घोंघावत होत्या. बोट लावलं तर बुळबुळीत, वास आंबलेल्या पेजेसारखा. जंतू होतेच. पण तेवढ्यावरून झाड पाडायचं ठरवलं, तर मुंबईत एकही झाड उभं राहायचं नाही.

कारण धडधाकट झाडाच्या लाकडातही बॅक्टेरिया राहतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी १६ जातींची दीडशेहून जास्त जिवंत झाडं तपासली आणि २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायची, ती गोठवायची, दळून पीठ करायचं आणि त्यातला डीएनए वाचायचा, असं ते चिकाटीचं काम. त्यांच्या अंदाजाने एका झाडाच्या लाकडात सुमारे एक लाख कोटी सूक्ष्मजीव असतात. सरकारी बजेटच्या बातम्यांत ऐकतो तसला हा आकडा, एका खोडातला! झाडं तिकडच्या जंगलातली, म्हणून आकडा जसाच्या तसा आपल्या वडाला लावायचा नाही. पण लाकूड म्हणजे आत काही न जगणारी कोरडी वस्तू, ही समजूत आता सोडायला हवी.

मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे आतली वाटणी. सालीलगतच्या फिकट लाकडातून पाणी वर चढतं, तिथे प्राणवायूवर जगणारे जीव जास्त. मधल्या गाभ्यात प्राणवायू तुटपुंजा, म्हणून तिथे त्याच्याशिवाय जगणाऱ्यांची वस्ती. एकाच खोडात चार बोटांच्या अंतरावर दोन निराळ्या वस्त्या, आणि झाडाची जात बदलली की वस्तीही बदलते. मॅपलमधली मंडळी वेगळी, पाइनमधली वेगळी.

गाभ्यातली मंडळी काय करतात याचा एक पुरावा फार जुना आहे. कॉटनवूड नावाच्या झाडाच्या खोडातून गॅस निघतो आणि तो पेट घेतो, हे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लक्षात आलं होतं. १९७४ मध्ये झाइकस आणि वॉर्ड या दोघांनी दाखवून दिलं की हा मिथेन खोडातले सूक्ष्मजीवच तयार करतात. नेमकं सांगायचं तर मिथेन बनवणारे जीव आर्किया, बॅक्टेरियाचे दूरचे भाऊबंद. बॅक्टेरिया आंबवतात आणि त्यातून निघालेल्या पदार्थांवर हे जगतात. आमच्या पर्जन्यवृक्षाचा ओघळही अशा आंबण्याचाच. आत गॅसचा दाब वाढतो आणि पाणी जुन्या जखमेतून बाहेर येतं.

हे पाणी काढून टाकायला खोडाला भोक पाडून नळी बसवायची पद्धत होती. आमच्याच आवारातल्या आंब्यावर एका कंत्राटदाराने ती केली आणि वर भोक सिमेंटने बुजवलं. मी तेव्हा बोलले नाही, याची खंत आजही आहे. ओल्या, प्राणवायू नसलेल्या लाकडात कुजवणाऱ्या बुरशीला सहसा जम बसवता येत नाही. भोक पाडलं की हवा आत जाते, आणि झाडाने जखमेभोवती स्वतः उभारलेली भिंतही फुटते. दोन पावसाळ्यांत आंब्याची ती बाजू भुसभुशीत झाली.

सगळेच बॅक्टेरिया झाडाच्या भल्याचे असतात असं मुळीच नाही. झायलेला नावाचा बॅक्टेरिया पाणी नेणाऱ्या नळ्यांमध्ये वाढून त्या तुंबवतो. २०१३ पासून इटलीच्या दक्षिणेत त्याने ऑलिव्हच्या बागाच्या बागा वाळवल्या. पण झाडांत राहणारे कितीतरी बॅक्टेरिया मुळं फुटायला मदत करणारी संप्रेरकं बनवतात, लोह मिळवून देतात, रोगजंतूंना जागा मिळू देत नाहीत. आपल्या किनाऱ्यावरचा सुरू नुसत्या वाळूत वाढतो, त्याच्या मुळांच्या गाठींत फ्रँकिया नावाचा बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन पकडून देतो म्हणून.

काकांना मी सांगितलं, ओघळाला हात लावू नका, खाली बघा. पेव्हर ब्लॉक थेट सालीला टेकलेले, आणि केबलच्या चरासाठी एका बाजूची मुळं तोडलेली. वादळात झाड पडलंच तर ते यामुळे. शिवाय पाडायचं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. आधी तज्ज्ञाकडून मुळं तपासून घेऊ म्हटलं. ते तयार झाले.

मागच्या रविवारी बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढले. कंपाउंडच्या भिंतीलगत माती जरा मऊ होती, तिथे सुतळीसारखी बारीक मुळं वर आली, त्यांवर ज्वारीच्या दाण्यांएवढ्या गाठी. काका दचकले. "ही कीड ना?"

मी एक गाठ नखाने फोडून त्यांच्या तळहातावर ठेवली. आतून गुलाबी होती. "काका, हा रंग आपल्या रक्तात असतो तसल्याच एका द्रव्याचा. आत बॅक्टेरिया आहेत, ते या झाडासाठी हवेतनं नायट्रोजन काढताहेत."

त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ ती गाठ बघितली. मग वॉचमनला हाक मारून सांगितलं, इथे माती टाक, ब्लॉक परत लावू नकोस.