पाच जिल्ह्यांचे एक कार्यालय

शेतकरी उत्पादक कंपन्यांचे, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपन्यांचे हिशेब, सभांची कागदपत्रे आणि खरेदी केंद्रांवरील नोंदणी या कामांत मदत करणाऱ्या एका संस्थेत मी समन्वयक म्हणून काम करते. कार्यालय लातूरला आहे, पण माझे बहुतेक सहकारी नांदेड, परभणी, हिंगोली आणि बीड या जिल्ह्यांत आपापल्या घरून किंवा तालुक्याच्या गावातून काम पाहतात. किनवटच्या माणसाने दोन तासांच्या बैठकीसाठी लातूरला यायचे म्हटले, तर त्याचा सगळा दिवस एसटीतच जातो. त्यामुळे टीम्स, झूम, गूगल मीट ही ऑनलाइन बैठकीची आणि कामाची साधने आमच्यासाठी निव्वळ सोय राहिलेली नाहीत. ती नसती तर एवढ्या पसाऱ्याचे काम एवढ्या थोड्या माणसांत झालेच नसते. त्यांच्याविषयी मला जे सांगायचे आहे ते असे की, आपल्याकडे या साधनांचा बैठकीचा भाग फार वापरला जातो आणि लिहून ठेवण्याचा भाग फारच कमी. मराठवाड्यासारख्या भागात मात्र नेमके याच्या उलट व्हायला हवे.

हे असे होण्याला कारण आहे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि आपल्यापैकी बहुतेकांची या साधनांशी ओळख बैठकीच्या निमित्ताने झाली. लिंक आली, दाबली, समोर चेहरे दिसू लागले, आणि ऑनलाइन काम म्हणजे हेच अशी समजूत पक्की झाली. वास्तविक यांतील काही साधने बैठकीसाठी तयार झालेलीच नव्हती. २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले स्लॅक हे मुळात विषयवार लेखी संवादाचे साधन होते. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये टीम्स आणले, तेही संवाद, फाइली आणि बैठका एकाच ठिकाणी राहाव्यात यासाठी. मे २०२५ मध्ये स्काइप बंद झाले आणि त्याच्या वापरकर्त्यांना टीम्सकडे वळवण्यात आले, तेव्हाही आमच्या ओळखीतल्या अनेकांनी टीम्सकडे कॉल लावायचे नवे ॲप एवढ्याच दृष्टीने पाहिले.

लेखी जागेचे मोल आम्हाला सोयाबीनच्या खरेदीत कळले. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. मालात ओलावा जास्त असल्यामुळे खरेदी अडू लागली, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. ही माहिती आमच्यापर्यंत व्हॉट्सॲपच्या निरनिराळ्या गटांतून आली. कुठे पत्राचा तिरपा काढलेला फोटो, कुठे बातमीचे कात्रण, कुठे कोणाचा तरी आवाजी संदेश. दुपारपर्यंत त्यावर ‘ओके सर’, जोडलेले हात आणि कोणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा साचल्या, आणि संध्याकाळी हिंगोलीचा सहकारी फोनवर विचारत होता, “मॅडम, बारा का पंधरा? नक्की काय धरायचं?” माल भरलेला ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्यासाठी या प्रश्नाचे उत्तर म्हणजे भाडे पदरचे भरून माल घरी न्यायचा की नाही, हे असते.

त्यानंतर आम्ही टीम्समध्ये ‘खरेदी-नियम’ या नावाचे स्वतंत्र चॅनेल, म्हणजे एकाच विषयासाठी राखलेली सामाईक लेखी जागा, सुरू केले. तिथे गप्पा नसतात. नियम बदलला की जबाबदारी असलेली व्यक्ती एक पोस्ट टाकते, तिच्यात वर तारीख, मग जुना आकडा, नवा आकडा आणि शेवटी मूळ पत्र जोडलेले असते; शंका त्याच पोस्टखाली विचारल्या जातात आणि उत्तरेही तिथेच मिळतात. चालू नियमाची पोस्ट पिन केलेली, म्हणजे चटकन सापडेल अशी लावून ठेवलेली असते. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये झाला, तेव्हा तो आकडा विचारायला मला कोणाचाही फोन आला नाही, आणि याचे मला फार समाधान वाटले. व्हॉट्सॲप आम्ही सोडलेले नाही. केंद्रावर बारदाना संपला, गाडी अडकली, अशा तातडीच्या निरोपासाठी त्याच्याइतके हाताशी दुसरे काही नाही. मात्र ज्या गोष्टीवर उद्या कोणी तरी विसंबणार आहे, ती तिथे ठेवायची नाही, असा आमचा नियम आहे.

फाइल नेमकी कुठे राहते, याकडे तर फारच थोड्या संस्था लक्ष देतात. टीम्समध्ये एखाद्याला चॅटमधून फाइल पाठवली, तर ती पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या वैयक्तिक ऑनलाइन कपाटात साठते. तीच फाइल चॅनेलमध्ये टाकली, तर ती त्या टीमच्या शेअरपॉइंटवर, म्हणजे संस्थेच्या सामाईक जागेत जाते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते, फरक माणूस नोकरी सोडून गेल्यावर कळतो. त्याचे खाते काढून टाकल्यानंतर त्याचे वनड्राइव्ह मूळ मांडणीनुसार, म्हणजे संस्थेने मुदत बदललेली नसेल तर, ३० दिवसच जपले जाते, आणि कोणी वेळेत लक्ष दिले नाही, तर त्याने चॅटमधून पाठवलेल्या सभासद याद्या, ठराव, ताळेबंद हे सगळे त्याच्याबरोबर जाते. गूगलच्या साधनांतही हाच भेद आहे. ‘माय ड्राइव्ह’मधील फाइल व्यक्तीच्या मालकीची, ‘शेअर्ड ड्राइव्ह’मधील फाइल संस्थेच्या मालकीची. आमच्या भागात कार्यकर्ते एका संस्थेतून दुसरीकडे सतत जात-येत असतात आणि त्यात वावगे काही नाही. पण एखाद्या कंपनीच्या पाचशे सभासदांची कागदपत्रे कोणाच्या वैयक्तिक खात्यावर अवलंबून असणे, हे मला त्या सभासदांवर अन्याय करणारे वाटते. त्या कागदांत बँक खाती असतात, सात-बारा असतात. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण तो नसता तरी ही जपणूक आपलीच होती.

फाइलींच्या नावांचा आणि फाँटचा प्रश्न आमच्याकडे विशेष आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. विभागीय कार्यालयाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या जुन्या फाइली एका नावाने, नव्या दुसऱ्या नावाने, काही नुसत्या ‘संभाजीनगर’ म्हणून आणि काही रोमन लिपीतल्या संक्षेपाने ठेवलेल्या असल्या, की शोधयंत्राला त्या चार वेगवेगळ्या गावांच्या वाटतात. त्याहून मोठी अडचण जुन्या फाँटची आहे. श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले इतिवृत्त सामाईक कागदात चिकटवले, की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन ढीग उमटतो, कारण त्या फाँटमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या समान अक्षरपद्धतीत नसलेली मराठी संगणकाला मराठी म्हणून कळतच नाही. ती शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, दोघांनी मिळून दुरुस्तही करता येत नाही. आम्ही जुने दस्तऐवज युनिकोडमध्ये आणायला घेतले तेव्हा हे काम कंटाळवाणे आणि बिनमहत्त्वाचे आहे असे काहींना वाटले. माझ्या मते पाच जिल्ह्यांतल्या माणसांनी एकत्र काम करण्यासाठी आम्ही जे काही केले, त्यात याच्याइतके उपयोगाचे दुसरे काही नव्हते.

आता बैठकीविषयी. कळमनुरीच्या बाजूला किंवा गेवराईच्या आडवळणी गावात मोबाइलचे नेटवर्क एका जागी स्थिर राहत नाही, दुपारची वीज गेली की वायफायही जाते, आणि बैठकीचा पहिला भाग “आवाज येऊलालाय का?” यातच सरतो. झूमच्याच तांत्रिक माहितीनुसार केवळ आवाजासाठी सेकंदाला ६० ते ८० किलोबिट पुरतात, तर गटबैठकीत चांगले चित्र हवे असेल तर सुमारे एक मेगाबिट लागतो. एवढा फरक असताना सर्वांना कॅमेरा लावायला सांगणे म्हणजे ज्याचे नेटवर्क कमजोर आहे त्याला बैठकीबाहेर काढण्यासारखेच आहे. आमच्याकडे सुरुवातीला क्षणभर सगळे एकमेकांना दिसतात, नमस्कार-चमत्कार होतात, मग कॅमेरे बंद होतात आणि फक्त एकाचा पडदा दिसत राहतो. समोरून येणारे चित्र बंद करण्याची सोय टीम्समध्ये आणि झूममध्ये दोन्हीकडे आहे, ती आम्ही प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी दाखवतो.

त्या एका पडद्यावर इतिवृत्ताचा सामाईक कागद उघडलेला असतो आणि बोलणे चालू असतानाच तो लिहिला जातो. आवाज तुटलेल्या माणसाला काय ठरले ते वाचता येते. संपर्क सुटून दहा मिनिटांनी परत आलेला माणूस कोणाला न थांबवता पुढच्या विषयात सामील होतो. निर्णय, तो कोणी पार पाडायचा आणि कधीपर्यंत, एवढे लिहिले की पुरे. बैठक ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवली म्हणजे नोंद झाली, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. दीड तासाचे मुद्रण मोबाइलच्या डेटावर उतरवून कोणी ऐकत नाही, आणि टीम्समधील मुद्रण मूळ मांडणीनुसार १२० दिवसांनी आपोआप काढून टाकले जाते. लेखापरीक्षक विचारायला येतो तो त्यानंतर. ज्या संस्था झूमची विनामूल्य सेवा वापरतात त्यांना गटबैठकीसाठी ४० मिनिटांचीच मुदत मिळते. माझ्या अनुभवात विषयपत्रिका आदल्या दिवशी चॅनेलमध्ये टाकलेली असेल, तर तेवढा वेळ बहुतेक बैठकांना पुरतो.

लिहिण्यावर एवढा भर दिला, की ज्यांचा हात टंकलेखनाला सरावलेला नाही त्यांचे काय, हा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. गावपातळीवर काम करणाऱ्या आमच्या ताई बोलण्यात अतिशय नेमक्या आहेत, पण मोबाइलच्या कळफलकावर चार ओळी लिहायला त्यांना वेळ लागतो. गूगल डॉक्समध्ये आणि मोबाइलच्या कळफलकातही मराठी बोलून लिहिण्याची सोय आहे. ‘चाळणी’, ‘डागी’ असे बाजारातले शब्द कधी कधी चुकतात, ते दुरुस्त करावे लागतात. तरीही परभणीच्या एका ताईंचे गटभेटीचे अहवाल आज आमच्याकडे सर्वांत वाचनीय असतात, कारण त्या जशा बोलतात तशाच त्या कागदावर उतरतात.

घरून काम करण्यात घराचाही विचार करावा लागतो. दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे, मुलांचा अभ्यास आणि संध्याकाळचा स्वयंपाक चालू असताना बाईने कॅमेऱ्यासमोर बसावे ही अपेक्षा मला गैर वाटते. सायंकाळी सहानंतर आणि सकाळी नऊच्या आधी आम्ही बैठक ठेवत नाही. रात्री काही सुचले तर ते लिहून वेळ लावून ठेवावे, म्हणजे संदेश सकाळी पोहोचतो. ही सोय टीम्समध्ये आहे, स्लॅकमध्ये आहे, जीमेलमध्येही आहे. वरिष्ठांनी ती न चुकता वापरायला हवी, कारण रात्री दहाला आलेल्या वरिष्ठांच्या संदेशाला उत्तर नाही दिले तरी चालेल असे कितीही सांगितले, तरी हाताखालचा माणूस उत्तर देतोच.

काही कामे आम्ही ऑनलाइन करत नाही. नव्या कंपनीच्या संचालकांशी पहिली भेट, सभासदांतला पैशांचा वाद आणि कोणाला काम सोडायला सांगण्याची वेळ, यांसाठी आजही कोणी तरी एसटीने जाते. परतल्यावर, शक्य तर त्याच दिवशी, भेटीचा वृत्तांत त्या कंपनीच्या चॅनेलमध्ये टाकला जातो, म्हणजे पुढच्या वेळी तिथे जाणाऱ्या सहकाऱ्याला जुना वाद पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागत नाही.